सोलापूरच्या जुन्या वाड्यांची किंमत कोणी लावायची?

शुक्रवार पेठेतील आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाचा वाडा विक्रीला निघाला, तेव्हा त्याच्या मूल्यांकनाचा कागद मला वाचायला मिळाला. जागेला चौरस फुटाप्रमाणे दर लावलेला होता आणि बांधकामाच्या रकान्यात ‘निरंक’ एवढेच लिहिलेले होते. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने मात्र सागवानी खांब, तुळया आणि दिंडी दरवाजा यांचा भाव उभ्या उभ्या सांगितला. घर उभे असेपर्यंत त्याची किंमत शून्य आणि पाडले की त्याच्या तुकड्यांना रोख पैसे, असा हा हिशेब आहे. जुन्या पेठांमधील वाडे पडतात ते मुख्यतः या हिशेबामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. लोकांना वारशाची कदर उरली नाही, हे आपले नेहमीचे रडगाणे मला म्हणूनच अर्धवट वाटते.

सोलापूरला घरे जपता येत नाहीत, असे मुळीच नाही. अप्पासाहेब वारद यांनी हौसेने बांधलेले इंद्रभुवन हे मुळात राहते घर. पुढे तेथे नगरपालिकेचा आणि १९६४ पासून महानगरपालिकेचा कारभार चालला, आणि अलीकडे त्याचे रीतसर जतनही झाले. कोरीव दगडी काम हे त्याच्या टिकण्याचे एक कारण खरे. पण ती वास्तू वापरात राहिली, हे त्याहून मोठे कारण आहे. भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर याच्या अगदी उलट, म्हणजे मध्यमवर्गीय, साधे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर युद्धग्रस्त चीनमध्ये गेला आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारला. त्या घराचे मोल त्या आयुष्यामुळे आहे आणि त्याचे स्मारक झाले हे योग्यच झाले. एका घराला शिल्पाने वाचवले, दुसऱ्याला नावाने. ज्या घरांकडे यांपैकी काहीच नाही, त्यांचे काय, हा माझा प्रश्न आहे.

अशा बिननावाच्या माळवदी, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, वाड्यात एकदा भर मे महिन्यात दुपारी जाऊन बसावे. बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असतो आणि आत ओसरीवर पंख्याविना बसवते. जाड भिंतींना तापायला वेळ लागतो. वर लग म्हणजे आडव्या लाकडी कड्या, त्यावर किलचाण म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर असल्यामुळे छतातून ऊन सहजी खाली उतरत नाही. घरामधल्या उघड्या चौकातून गरम हवा वर निघून जाते आणि सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, पुरेसा उजेड येतो. या उन्हाचा पिढ्यान्‌पिढ्या अनुभव घेतलेल्या गवंड्यांनी आणि सुतारांनी काढलेला हा तोडगा आहे. वारसा म्हणून त्याची नोंद व्हायला एखादा थोर पुरुष त्याच घरात जन्मलेला असण्याची गरज नसावी.

अर्थात, माळवदाचे गोडवे गाणाऱ्याने ते सांभाळूनही पाहावे. पावसाळ्यापूर्वी माती टाकून दाबून घेणे, उगवलेले गवत काढणे, पन्हाळी मोकळ्या ठेवणे ही कामे चुकली की गळती सुरू होते, तुळईचे भिंतीतले टोक कुजते आणि एका खणापासून, म्हणजे दोन तुळयांमधल्या भागापासून, सुरुवात होऊन सगळे छत खाली येते. हे काम जाणणारा माणूस आता सहज मिळत नाही, म्हणून मालक भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतो. त्यामुळे भिंतीतील ओल आतच कोंडते, पोपडे सुटतात आणि लोक म्हणतात, वाडा जुना झाला. दुखणे पुष्कळदा त्या सिमेंटचे असते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो; पण चुना मळणारे हात हवेत, आणि ते हात तयार करणे एकट्यादुकट्या मालकाच्या आवाक्यातले नाही.

कायद्यात सोयी नाहीत असे म्हणता येणार नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी श्रेणीनिहाय नियम आहेत, आणि राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही वारसा जतनाची तरतूद असून मालकाला हस्तांतरणीय विकास हक्काचा, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकता येण्याचा, मोबदला मिळू शकतो. परंतु मुंबईत ज्या हक्काला चढा भाव येतो, त्याला सोलापुरात गिऱ्हाईक किती मिळेल, याची मला शंका आहे. येथे राहत्या वाड्याचा मालमत्ता कर माफ करणे, दुरुस्तीची परवानगी एका खिडकीवर देणे आणि गवंडी-सुतारांना या कामाचे प्रशिक्षण देणे, हे अधिक उपयोगाचे ठरेल. भाऊबंदकीत बारा वाटे झालेल्या आणि जुने भाडेकरू असलेल्या वाड्यांचा गुंता याने सुटणार नाही, हे मान्य. निदान ज्यांना घर राखायचे आहे, त्यांना तरी हात मिळेल.

आणि वारसा घरांची यादी जाहीर करण्याआधी सवलती जाहीर व्हाव्यात. यादीत नाव आले की घर विकता येणार नाही, खिळाही ठोकता येणार नाही, अशी भीती पेठांमधून ऐकू येते. नुसती यादी आधी आली, तर लाकडाच्या व्यापाऱ्याला फोन करण्याची घाईच वाढेल.