दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: नॅसमध्ये डेस्कटॉपची हार्ड डिस्क आम्ही का बसवत नाही

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तक्रारी चार आहेत. आम्ही नॅसच्या, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांच्या फायली साठवणाऱ्या पेटीच्या, महागड्या हार्ड डिस्क गळ्यात मारल्या. आठ टीबीच्या चार डिस्कचे पैसे देऊन जागा २१.८ टीबीच दिसते. पाच महिन्यांत एक डिस्क गेली आणि रिबिल्डला, म्हणजे तिच्या जागी बसवलेल्या डिस्कवर डेटा परत भरायला, दीड दिवस लागून ऑफिस रखडलं. आणि मधल्या काळात तुम्ही ऑनलाइन मागवलेली स्वस्तातली ८ टीबी डिस्क बसवून द्यायला आम्ही नकार दिला. "हार्ड डिस्क सगळ्या सारख्याच, दुकानदार फक्त लेबलचे पैसे लावतात," असं तुम्ही शेवटी लिहिलंय. सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांतून आणि कॉलेज रोडच्या ऑफिसांतून हेच वाक्य आम्हाला वारंवार ऐकू येतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नकाराबद्दल. तुम्ही आणलेली डिस्क सीगेट बाराकुडा होती, लेबलवर मॉडेल नंबर एसटी८०००डीएम००४. डिस्क नकली नव्हती आणि खराबही नव्हती. पण ती एसएमआर आहे, आणि हे सीगेटने स्वतःच जाहीर केलेलं आहे. एसएमआरमध्ये जास्त डेटा मावावा म्हणून ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. वाचायला त्याने काही अडत नाही. पण मधलं एखादं कौल बदलायचं तर वरची हलवावी लागतात, तसं मधला ट्रॅक बदलायचा तर त्याच्या पुढचेही परत लिहावे लागतात. डिस्क हे काम लगेच करत नाही. आलेला डेटा आधी एका राखीव भागात उतरवून घेते आणि मोकळा वेळ मिळाला की जागच्या जागी लावते.

घरच्या पीसीत असा मोकळा वेळ भरपूर मिळतो. फोटो, व्हिडिओ साठवायला ही डिस्क चांगली आहे, आम्हीही विकतो. नॅसमध्ये रिबिल्ड सुरू झालं की मोकळा वेळ संपतो. नॅस सलग आठ टीबी लिहीत असतो, त्यात तुमचे कॅमेरे आणि ऑफिसच्या फायली मध्ये मध्ये घुसतात. राखीव भाग भरला की लिहिण्याचा वेग एकदम कोसळतो, आणि कधी कधी डिस्क इतका वेळ गप्प बसते की नॅस तिला मेलेली समजून बाहेर काढतो. एक डिस्क आधीच गेलेली असताना हे झालं तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. एसएमआर डिस्क कामाची आहे की नाही हे नॅस रोज नीट चालतोय त्यावरून कळत नाही. शेजारची एखादी डिस्क मेल्यावर, रिबिल्डच्या वेळीच कळतं.

डब्यावर 'नॅस' लिहिलंय एवढ्यावरही आम्ही जात नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलला कबूल करावं लागलं की नॅससाठी विकल्या जाणाऱ्या त्यांच्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्कमध्येही एसएमआर आहे. त्यानंतर 'रेड प्लस' हे वेगळं नाव आलं. रेड प्लस आणि रेड प्रो सीएमआर आहेत, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या. सीगेटची आयर्नवुल्फही सीएमआर. दुकानात कुठेही घ्या, पण मॉडेल नंबर पूर्ण वाचा. ४ टीबीत डब्ल्यूडी४०ईएफएएक्स एसएमआर आहे आणि डब्ल्यूडी४०ईएफआरएक्स सीएमआर. पण 'ईएफएएक्स' ही अक्षरं पाठ करून ठेवून उपयोग नाही, कारण ८ टीबीची डब्ल्यूडी८०ईएफएएक्स सीएमआर आहे.

दुसरा फरक बाहेरून दिसतच नाही. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा, वाचता आला नाही की डेस्कटॉपची डिस्क तो परत परत वाचत बसते, कधी मिनिटभर, कधी जास्त. तिच्याकडे डेटाची एकच प्रत असते, त्यामुळे तिने तसं करणं बरोबरच आहे. नॅसची डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते, आणि नॅस तो तुकडा बाकीच्या डिस्कवरून तयार करून परत लिहितो. बहुतेक नॅसच्या आत लिनक्स असतं आणि ते डिस्कच्या उत्तराची ठरलेली वाट ३० सेकंद बघतं. म्हणजे एका सेक्टरपायी डेस्कटॉपची अख्खी चांगली डिस्क रेडमधून (नॅसने एकत्र बांधलेल्या डिस्कच्या गटातून; वरच्या 'रेड' मालिकेशी याचा संबंध नाही) बाहेर फेकली जाऊ शकते. "डिस्क चांगली आहे, पण नॅस घेत नाही" म्हणून लोक येतात, त्यातल्या बऱ्याच वेळा कारण हेच निघतं.

आता पैशांचा हिशोब तुमच्याच कामावर मांडतो. तुमचे आठ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) चोवीस तास रेकॉर्ड करतात. म्हणजे सेकंदाला ४ एमबी, दिवसाला सुमारे ३४५ जीबी, वर्षाला १२६ टीबी. चार डिस्कच्या रेड ५ मध्ये प्रत्येक डिस्कच्या वाट्याला याचा तिसरा हिस्सा येतो, म्हणजे ४२ टीबी. शिवाय महिन्यातून एकदा नॅस सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासतो. ते ८ टीबी बारा वेळा, ९६ टीबी. दोन्ही मिळून १३८, आणि यात ड्रॉइंग, टॅली, बॅकअप काही धरलेलं नाही. बाराकुडाची कंपनीने दिलेली मर्यादा वर्षाला ५५ टीबी आणि २४०० तास. चोवीस तास चालणाऱ्या नॅसमध्ये २४०० तास शंभर दिवसांत संपतात. तुमच्याकडच्या आयर्नवुल्फची मर्यादा वर्षाला १८० टीबी, तासांची अट वर्षभर चालू ठेवण्याची, वॉरंटी तीन वर्षं. बाराकुडाची दोन. एका डिस्कमागे जो फरक तुम्ही दिला तो याचा आहे.

आणि जिथे गरज नव्हती तिथे आम्ही महाग वस्तू दिलेली नाही. प्रो मालिका तुम्हाला सुचवलीसुद्धा नव्हती. तुमचं नेटवर्क गिगाबिट आहे, त्यातून सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच जातं. मोठी फाइल उघडताना साधी नॅस डिस्कही तेवढं देते. वेगासाठी जास्त पैसे घालून तुमच्या टेबलावर काही फरक पडला नसता.

जागेचं थोडक्यात. डिस्कची कंपनी हजाराच्या पटीत मोजते, नॅस १०२४ च्या. म्हणून ८ टीबीची डिस्क ७.२७ दिसते, कुठल्याही कंपनीची घ्या. रेड ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत तयार करायला लागणाऱ्या माहितीला, जाते. उरलेल्या तीन डिस्कचे २१.८. कोटेशनवर 'वापरता येणारी जागा' म्हणून हाच आकडा छापलेला आहे.

डिस्क पाच महिन्यांत गेली याचा त्रास आम्हाला समजतो. नॅसची डिस्क मरत नाही असं आम्ही कुणाला सांगत नाही; नवी डिस्क पहिल्याच वर्षात जाऊ शकते. तिसऱ्या खणातल्या तुमच्या डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, आम्ही तुमच्यासमोर उघडला होता. १९७ नंबरच्या ओळीत, म्हणजे वाचता न येणारे आणि निर्णय बाकी असलेले सेक्टर, आकडा ५६. ५ नंबरच्या ओळीत, म्हणजे बदललेले सेक्टर, आकडा वाढत चाललेला. १९९ ची ओळ शून्य. ती वाढलेली असती तर संशय केबलवर किंवा खणाच्या कनेक्टरवर घेतला असता आणि डिस्क वाचली असती. इथे दोष डिस्कच्या आतच होता, म्हणून ती वॉरंटीत पाठवली.

रिबिल्डच्या वेळेबद्दल. सरासरी १५० एमबीचा वेग धरला तरी आठ टीबी लिहायला पंधरा तास लागतात, तेही नॅसवर दुसरं काहीही चालू नसताना. तुमचं रिबिल्ड कामाच्या दिवशी, कॅमेरे चालू ठेवून झालं, म्हणून दीड दिवस. पुढे कधी वेळ आलीच तर शनिवारी संध्याकाळी सुरू करा, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तेवढ्यापुरतं एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरच्या) आतल्या डिस्कवर वळवा आणि सेटिंगमध्ये रिबिल्डला प्राधान्य द्या.

खरं घाबरायचं ते रिबिल्डच्या दीड दिवसाला नाही, त्याआधीच्या तीन आठवड्यांना. वॉरंटीची डिस्क येईपर्यंत तुमचा नॅस तीन डिस्कवर चालत होता. त्यातली आणखी एक गेली असती तर सगळं गेलं असतं. म्हणून तेव्हाच एक जादा डिस्क घेऊन कपाटात ठेवा असं सुचवलं होतं, आणि आजही तेच सांगतो. ती आमच्याकडूनच घ्या असं नाही. ऑनलाइन घेतलीत तर सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का बघा. सीगेट असेल तर स्मार्टमधले चालू तास आणि एफएआरएम लॉगमधले (सीगेटच्या डिस्कमधली दुसरी, वेगळी नोंद) तास जुळवून बघा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघडकीस आलं, तेव्हा स्मार्टचे तास शून्यावर आणलेले होते आणि खरे तास एफएआरएममध्ये सापडले. हे दोन्ही तपासून द्यायचं आम्ही काही घेत नाही. जादा डिस्क आणलीत की चारही ट्रेवर सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवून देऊ. घाईत चालू डिस्क ओढली गेल्यामुळेही रेड जातात.

तुमची बाराकुडा वाया जाणार नाही. रेड म्हणजे बॅकअप नाही. चुकून डिलीट झालेलं ड्रॉइंग चारही डिस्कवरून एकाच वेळी डिलीट होतं. ती डिस्क यूएसबी केसमध्ये घाला आणि ड्रॉइंग व टॅलीचा डेटा आठवड्याला तिच्यावर घ्या. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्यात नको. अशा कामाला एसएमआर अगदी ठीक आहे. केस १२ व्होल्टच्या वेगळ्या अडॅप्टरची घ्या, साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. बॅकअप झाला की डिस्क काढून घरी न्या, कारखान्यात ठेवू नका. केस आणि नॅस घेऊन कुठल्याही शनिवारी चारनंतर शरणपूर रोडच्या दुकानी या, शेड्यूल लावून देतो. येताना यूपीएसचा मॉडेल नंबरही घेऊन या. त्याला यूएसबी पोर्ट असेल तर लाइट गेल्यावर नॅस आपोआप नीट बंद होईल, तेही सोबत जोडून देऊ.

– दुकानातर्फे