माँटगोमेरीचा बहिष्कार: फिरणाऱ्या मजकुरात काय चुकतंय

"रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत. पाद्री मार्टिन लूथर किंग यांनी हाक दिली. लोक ३८१ दिवस पायी चालले आणि तोट्यात गेलेल्या बस कंपनीने गुडघे टेकले." अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात काळ्यांनी वर्णभेदी बसवर घातलेल्या बहिष्काराबद्दल हा मजकूर सगळीकडे फिरतो. बसमध्ये गोऱ्यासाठी जागा सोडली नाही म्हणून पार्क्सना अटक झाली, तिथून तो सुरू झाला. त्यातला दिवसांचा आकडा तेवढा बरोबर आहे.

पार्क्स एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या जुन्या कार्यकर्त्या होत्या, नुसत्या दमलेल्या शिवणकामगार नव्हेत.

हाक किंगनी दिली नाही. १ डिसेंबर १९५५ला पार्क्सना अटक झाली त्याच रात्री प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी कॉलेजच्या यंत्रावर बहिष्काराची हजारो पत्रकं छापून काढली. स्थानिक काळे पुढारी ई. डी. निक्सन यांचा फोन आला तेव्हा २६ वर्षांचे किंग 'विचार करून सांगतो' म्हणाले. बहिष्काराच्या पहिल्या दिवशी, सोमवारी, बस जवळपास रिकाम्या धावल्या, त्यानंतर ते बहिष्कार चालवणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष झाले. शिवाय पहिल्या मागण्यांत वर्णभेद संपवा असं नव्हतंच. काळ्यांनी मागून, गोऱ्यांनी पुढून बसत यावं आणि बसलेल्याला कुणी उठवू नये, जागांबाबत एवढंच होतं.

'पायी चालले' हे सांगणारे खरं काम गाळतात. सुरुवातीला टॅक्सीवाले बसइतकेच, १० सेंट घेत. पालिकेने ४५ सेंटांच्या किमान भाड्याचा नियम उगारला. मग किंगनी लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजचे पाद्री टी. जे. जेमिसन यांना गाठलं, कारण त्यांनी १९५३मध्ये असाच बहिष्कार चालवला होता. त्यांच्या अनुभवावर सुमारे ३०० गाड्यांची व्यवस्था उभी राहिली. त्यात जागोजागी थांबे होते आणि चर्चच्या नावावर घेतलेल्या स्टेशन वॅगनही. विमा कंपन्यांनी पॉलिसी रद्द केल्या, तेव्हा विमा थेट लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारातून मिळवावा लागला. पोलिसांनी चालकांवर दंडाचा सपाटा लावला. किंगनाही ताशी २५ मैलांची मर्यादा असताना ३० मैल वेगाने गाडी हाकली म्हणून अटक झाली. भाषणं सगळ्यांना आठवतात, पण पाद्र्याचा दिवस पेट्रोल, वर्गण्या आणि चालक यांतच जात असणार.

कंपनी झुकली हे तर उलटंच आहे. एप्रिल १९५६मध्ये कंपनी भेद सोडायला तयार झाली होती, पालिकेने कोर्टात जाऊन तिला अडवलं. निकाल लागला तो वकील फ्रेड ग्रे यांनी लढवलेल्या 'ब्राउडर विरुद्ध गेल' खटल्यात. ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्विन, मेरी लुईस स्मिथ आणि सूझी मॅकडॉनल्ड या वादी होत्या. पार्क्स त्यात नव्हत्या.

१३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा तो निकाल कायम केला, तेव्हा किंग माँटगोमेरीच्या कोर्टात बसले होते. गाड्यांची ती व्यवस्था बंद पाडण्याची सुनावणी तिथे चालू होती, आणि त्याच दिवशी बंदीचा हुकूमही निघाला. निकालाची अधिकृत प्रत मात्र २० डिसेंबरला पोचली. तोवरचे पाच आठवडे गाड्यांची व्यवस्थाही नव्हती, आणि बसवरचा बहिष्कारही चालूच होता.