लिंबूटिंबू

लहानपणी वाड्यात क्रिकेट चालायचं तेव्हा आम्हा मुलींना एकच जागा मिळायची, लिंबूटिंबूची. आउट धरायचं नाही, रन मोजायचे नाहीत, गटारात गेलेला बॉल मात्र आपण आणायचा. टोनी स्टोनबद्दल वाचताना हाच शब्द सारखा आठवत होता.

१९५३ साली ही कृष्णवर्णीय बाई इंडियानापोलिस क्लाउन्स या संघाकडून पुरुषांमध्ये व्यावसायिक बेसबॉल खेळली. खरं नाव मार्सेनिया, वाढली सेंट पॉलमध्ये. अमेरिकेत तेव्हा कृष्णवर्णीयांच्या लीग वेगळ्या होत्या, क्लाउन्स त्यांतल्याच एकीतला संघ. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये गेला, मागोमाग बाकीचे चांगले खेळाडू गेले, आणि प्रेक्षकही. क्लाउन्सचा मालक सिड पोलॉक याला तिकिटं खपवायची होती. बाई घेतली तर गर्दी होईल, सरळ हिशेब. म्हणून आजही कोणीतरी म्हणतंच, ती काय, जाहिरातीपुरती होती.

असेल! मालकाने कशासाठी घेतलं ते मालकाला विचारा. बॉल काही मालकाच्या मनात काय आहे ते बघून येत नाही.

ती सेकंड बेसवर, धावणाऱ्याने गाठायच्या दुसऱ्या टप्प्यावर, उभी राहायची. म्हणजे समोरून धावत येणारा गडी खिळ्यांच्या बुटांसकट अंगावर घसरत येणार आणि आपण जागा सोडायची नाही. तिच्या डाव्या मनगटावर असल्याच एका धडकेचे व्रण होते. ते दाखवताना, तो गडी आउट झाला होता, हेही ती सांगायची. मला ही बाई इथेच आवडली.

आणि ती काही आभाळातून पडली नव्हती. पोरवयापासून पुरुषांच्या संघांत खेळत आलेली. १९४९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सी लायन्सने कबूल केलेले पैसे दिले नाहीत, तेव्हा दौरा अर्धा टाकून न्यू ऑर्लिन्स क्रिओल्सकडे गेली. क्लाउन्समध्ये तिला स्कर्ट घालून खेळायला सुचवलं, तिने साफ नकार दिला. बायकांची स्वतंत्र व्यावसायिक लीग १९४३ पासून होतीच. तिथे स्कर्ट सक्तीचा, पण काळ्या मुलींना दार बंद. म्हणजे स्कर्ट घातला असता तरी तिथे काही जमणार नव्हतं.

दौऱ्यावरचे हाल निराळेच. बसभर पुरुष आणि त्यात एक बाई, म्हणजे ती 'तसली'च असणार, असं ठरवून लॉजवाले तिला वेश्यावस्तीचा रस्ता दाखवायचे. तिथल्या बायकांनी मात्र तिला जेवायला घातलं, तिचे कपडे धुऊन दिले, चेंडू लागू नये म्हणून शर्टाला आतून अस्तरही शिवून दिलं.

१९५४ मध्ये तिचा करार कॅन्सस सिटी मोनार्क्सला विकला गेला. तिथे बहुतेक वेळ बाकावर बसण्यात गेला. वर्षअखेर तिने खेळ सोडला आणि पुढे नर्सचं काम केलं.

२०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने त्या जुन्या कृष्णवर्णीय लीगना मेजरचा दर्जा दिला. छान झालं, उशिरा का होईना. पण काळ धरला १९२० ते १९४८. पुढे लीग खंगत गेली होती, त्यामुळे कारण समजतं मला. तरी १९५३ हे साल बाहेर राहिलेलं पाहून हसू आलं. आउट धरायचं नाही, रन मोजायचे नाहीत.