कॉम्प्युटरने फक्त कानाचं काम घेतलं आहे

हॅम (हौशी रेडिओचालक) मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो: एफटी८ म्हणजे हॅम रेडिओच नव्हे. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात आणि माणूस नुसता बघत बसतो. सगळं इंटरनेटवरून चालतं. अँटेना नको, अभ्यास नको, बटण दाबलं की अमेरिका लागते. असले संपर्क डीएक्समध्ये धरायचेच कशाला?

नुकताच कॉलसाइन (हवेवरची स्वतःची ओळख-खूण) मिळालेल्या एका मुलीने हा मजकूर मला पाठवला आणि विचारलं, "काका, मग लॅपटॉप रिगला (रेडिओ संचाला) जोडू की नको?" तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो आहे. मोठ्या हौसेने आलेली मुलं अशा मजकुरामुळे पहिल्याच महिन्यात हिरमुसतात, आणि ते मला सहन होत नाही.

नवख्या वाचकासाठी थोडं आधी. डीएक्स म्हणजे दूरच्या देशातल्या हॅमशी रेडिओवरून संपर्क साधणं. एफटी८ ही त्यासाठीची कॉम्प्युटरवर चालणारी एक डिजिटल पद्धत, जुलै २०१७ मध्ये आलेली. स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर यांच्या आडनावांची आद्याक्षरं आणि वापरल्या जाणाऱ्या आठ स्वरांचा आकडा मिळून हे नाव झालं. यातले टेलर हे खगोलशास्त्रज्ञ. रसेल हल्स यांच्यासोबत १९७४ मध्ये त्यांनी जोड-पल्सार (रेडिओ तरंगांचे ठोके देणारा, जोडीतला तारा) शोधला आणि १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. ताऱ्याकडून येणारा क्षीण ठोका गोंगाटातून वेगळा काढण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांनीच एफटी८ ज्यावर चालतं ते डब्ल्यूएसजेटी सॉफ्टवेअर २००१ पासून वाढवत आणलं आणि सर्वांना मोफत दिलं.

इंटरनेटचा मुद्दा आधी उरकून टाकू, कारण तो साफ चूक आहे. एफटी८ मध्ये लॅपटॉप स्वर तयार करतो, ते केबलने रिगमध्ये जातात, रिगमधून अँटेनावर, तिथून आयनावरणाकडे (तरंग परतवणाऱ्या उंचावरच्या थराकडे). लॅपटॉपचं घड्याळ साधारण एका सेकंदाच्या आत बरोबर असावं लागतं. ते इंटरनेटवरून लावता येतं, तसंच जीपीएसवरूनही लावता येतं. गैरसमज बहुतेक दोन गोष्टींमुळे होतो. एकोलिंक नावाची पद्धत खरोखरच इंटरनेट वापरते, पण ती वेगळी. आणि पीएसके रिपोर्टर या वेबसाइटच्या नकाशावर कोणाला कोण ऐकू आलं ते दिसतं, पण ती ऐकून झाल्यानंतरची नोंद असते. ज्यांना पटत नसेल त्यांनी रिग १४.०७४ मेगाहर्ट्झवर लावावा, वायफाय चालू ठेवावं आणि अँटेनाची वायर उपसावी. पडदा कोरा होतो.

आता अँटेनाचा मुद्दा. हा दावा हवेतून आलेला नाही. एफटी८ नॉइजच्या (मागच्या खरखरीच्या) २१ डीबी (डेसिबल, ताकदीची तुलना करायचं माप) खालचा सिग्नल वाचतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि ते वाचून एखाद्याला वाटतं की खिडकीत वायरचा तुकडा टांगला तरी भागेल. पण हा २१ चा आकडा मोजतात कसा, ते बघायला हवं. इथे नॉइज धरतात तो २५०० हर्ट्झच्या पट्ट्यातला, म्हणजे एसएसबीवर (हॅम मंडळींच्या बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) आवाजासाठी लागणाऱ्या रुंदीचा. एफटी८ चा सिग्नल मात्र जेमतेम ५० हर्ट्झ जागा घेतो. पट्टा पन्नासाव्या हिश्शाचा झाला की नॉइजही पन्नासाव्या हिश्शाचा होतो, म्हणजे १७ डीबी कमी. उरले उणे ४. शिवाय एका वेळी वाजतो एकच स्वर, आणि दोन शेजारच्या स्वरांत अंतर ६.२५ हर्ट्झ. तेवढ्याच फटीतून बघितलं तर नॉइज २५०० हर्ट्झमधल्या नॉइजचा चारशेवा हिस्सा, २६ डीबी कमी. त्या फटीत सिग्नल नॉइजच्या ५ डीबी वर उभा असतो. त्याच्या स्वतःच्या अंगणात तो बुडालेला नाहीच.

जत्रेच्या कोलाहलात कोणी लांबून हाक मारली तर शब्द कळत नाहीत. तोच माणूस एकाच सुरात शीळ घालत राहिला, तर कान ती बरोबर हुडकतो. एफटी८ हेच करतं. ७९ स्वर, प्रत्येक ०.१६ सेकंदाचा, सगळे मिळून १२.६४ सेकंद. एवढ्या वेळात पोचतात फक्त ७७ बिट माहिती. चुका ओळखायला त्यांना १४ बिट जोडतात आणि दुरुस्त करायला आणखी भर घालून १७४ बिट पाठवतात, म्हणजे वाटेत काही स्वर हरवले तरी निरोप उभा करता येतो. वेग सोडून दिला, त्याच्या बदल्यात पोच मिळवली.

त्याच मापाने सरावलेला कान मोर्स साधारण उणे १५ डीबीपर्यंत वाचतो. म्हणजे चांगल्या मोर्सवाल्यापेक्षा एफटी८ ची आघाडी ६ डीबीच्या आसपास, चौपट पॉवरइतकी. कमी नाही, पण अफाटही नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या एका हलक्या एलईडी ड्रायव्हरने नॉइज एक एस-युनिट (रिगच्या मीटरवरचं एक घर) वर चढवला की ६ डीबी गेले, सगळी आघाडी तिथेच संपली. इन्व्हर्टर, चार्जर, लिफ्टचा मोटर ड्राइव्ह यांची नावं नाही घेतली तरी चालतील. सोसायटीत राहणाऱ्या हॅमला अँटेनाचा विचार जास्त करावा लागतो: गच्चीत कुठे जागा मिळेल, वायर इमारतीपासून किती लांब नेता येईल, केबलच्या बाहेरच्या जाळीवरून येणारा नॉइज कसा अडवायचा. कॉम्प्युटर यातलं काहीच करत नाही.

"बटण दाबलं की अमेरिका लागते" हे वाक्य लिहिणाऱ्याने पुण्यातून अमेरिका लावून बघितली नसावी. पृथ्वीगोलावर पुणे ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरा. तो जपानवरून जात नाही, सरळ उत्तर ध्रुवाजवळून जातो. सौर वादळ झालं की ध्रुवाभोवतीचं आकाश सिग्नल गिळून टाकतं, आणि मग लॅपटॉप कितीही नवा असो, पडद्यावर अमेरिकेचा एक कॉलसाइन उमटत नाही. ४० मीटर बँडवर (त्या तरंगलांबीच्या पट्ट्यावर) तर उजेडाचाही प्रश्न असतो. दिवसा आयनावरणाचा डी थर या तरंगांना शोषून घेतो, म्हणून दोन्ही टोकांना अंधार लागतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सॅन फ्रान्सिस्कोत तो आपल्या घड्याळाप्रमाणे साडेसहाच्या जरा आधी मावळलेला असतो. सकाळी दोन्हीकडे अंधार असा मधला अर्धापाऊण तासच मिळतो. गजर लावून, कुडकुडत उठून ही खिडकी गाठायची असते.

याहून मजेचं उदाहरण ईस्टर आयलंडचं. पुण्याच्या थेट विरुद्ध बाजूचा बिंदू पॅसिफिकमध्ये पडतो आणि तिथून हजारेक किलोमीटरवर हे बेट आहे, आपल्यापासून सुमारे १९,००० किलोमीटर. जवळजवळ पायाखालचीच जागा असल्याने सिग्नल कुठल्याही दिशेने वळसा घालून येऊ शकतो, सकाळी एकीकडून तर संध्याकाळी दुसरीकडून. कुठल्या बँडवर, कुठल्या महिन्यात, किती वाजता बसायचं, हे ठरवायला सूर्यचक्रापासून ऋतूपर्यंत सगळं बघावं लागतं. व्होअ‍ॅकॅपसारखं सॉफ्टवेअर अंदाज देतं. तो अंदाज वाचायचा कसा आणि फसला तर का फसला, हे मात्र शिकावंच लागतं.

हातचलाखीही लागते. आवाजाची पातळी जास्त ठेवली की रिगमधला एएलसी (पातळी आपोआप आवरणारी यंत्रणा) मध्ये पडतो, सिग्नल फाटतो, आणि तुमच्या एका सिग्नलच्या जोडीला दोन भुतं शेजाऱ्यांच्या पडद्यावर उगवतात. बारा-तेरा सेकंद सलग पूर्ण पॉवर जात असल्याने रिग तापतो, म्हणून पॉवर उतरवावी लागते. दुर्मीळ ठिकाणच्या स्टेशनवर शेकडो जण एकदम तुटून पडलेले असताना मोकळी फट शोधून तिथे हाक मारायची, हे कौशल्य मोर्सच्या पाइलअपमधल्या (अशाच झुंबडीतल्या) कौशल्यासारखंच आहे. तिथे कानाने शोधायचं, इथे डोळ्याने.

मग माणूस आणि यंत्र. ज्या मोर्सचा दाखला शुद्ध हॅम रेडिओ म्हणून दिला जातो, ती बिनतारी तारायंत्राच्या सुरुवातीला कागदी पट्टीवर यंत्रानेच उमटायची. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनींनी पतंगाने वायर उचलली, आणि पलीकडून, कॉर्नवॉलमधल्या पोल्डूहून, येणारे तीन टिंब ऐकले. त्यासाठी त्यांनी पट्टी सोडून कानाला टेलिफोनचा श्रवणक लावला होता. पट्टीचा पुरावा नसल्यामुळेच त्या ऐकण्यावर आजही शंका घेतली जाते. जे अक्षर येणार हे आधीच ठाऊक आहे, तेच नॉइजमध्ये ऐकू आल्याचा भास कानाला होऊ शकतो. माझ्या कानालाही झाला आहे. एफटी८ चे ते जादा १४ बिट नेमके याच भासाला आवर घालतात. अर्थात, डिकोडरसुद्धा अपेक्षित कॉलसाइनचा आधार घेऊन अंदाज करतो आणि क्वचित चुकतो. म्हणून अशा ओळींवर तो खूण करतो आणि ती खूण बघायची सवय लावून घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मोठ्या पाइलअपमध्ये मोर्सवर प्रत्येकाला "५९९" हा सिग्नलचा अव्वल रिपोर्ट मिळतो आणि आवाजावर "५९". कॉलसाइन तीनदा विचारूनही "यू आर फाइव्ह नाइन". हा रिपोर्ट मोजलेला नसतो, शिरस्ता म्हणून दिलेला असतो. एफटी८ वर उणे १७ आला तर तो पलीकडे खरोखर मोजलेला आकडा असतो. दुसऱ्या दिवशी अँटेना दोन मीटर वर चढवली आणि तोच माणूस उणे १२ सांगू लागला, तर आपण काहीतरी शिकलो.

माणूस बाजूला ठेवून रात्रभर आपोआप संपर्क करत राहणारे प्रोग्रॅम काही लोकांनी बनवले आहेत, हे खरं आहे, आणि त्यांच्यावरचा राग मला मान्य आहे. पण टेलर यांचं मूळ सॉफ्टवेअर, डब्ल्यूएसजेटी-एक्स, मुद्दाम तसं बनवलेलं नाही. संपर्क पुरा झाला की ते थांबतं. उत्तर न मिळता हाका मारत राहिलं तर ठरावीक मिनिटांनी स्वतःच ट्रान्समिट बंद करतं. पुढची हाक द्यायची की नाही, कोणाला द्यायची, हे माणसानेच ठरवायचं.

पुरस्कारांचं थोडक्यात. डीएक्सच्या जगात सर्वांत मानाचा डीएक्ससीसी. तो एआरआरएल ही अमेरिकेतली हॅम संघटना देते आणि त्यात एफटी८ चे संपर्क धरले जातात. डिजिटलसाठी वेगळं प्रमाणपत्र आहे, मोर्ससाठी वेगळं, आवाजासाठी वेगळं. कोणी कोणाची कमाई हिरावत नाही. दोन्ही बाजूंच्या ऑपरेटरने संपर्क स्वतः सुरू केलेला असावा, अशी अटही त्या नियमांत आहे.

एका बाबतीत मात्र मी त्या मजकुराच्या बाजूचा आहे. एफटी८ वर गप्पा होत नाहीत. मोकळ्या मजकुराला एका वेळी १३ अक्षरं मिळतात. पलीकडच्याचं नाव, त्याच्या गावचं हवामान, नातवाची परीक्षा, यातलं काही कळत नाही. संकटात तर हे माध्यम कामाचंच नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी पोर्ट ब्लेअरमध्ये भारती प्रसाद यांचं पथक डीएक्ससाठीच गेलेलं होतं. लाटांनंतर त्यांनी अंदमानातले निरोप बाहेर पोचवले ते माणसाच्या आवाजात. तेव्हा एफटी८ शिकणाऱ्याने मायक्रोफोन अडगळीत टाकू नये, आणि मोर्सही शिकावी. मी दोन्ही वापरतो.

त्या मुलीला मी म्हटलं, जोड लॅपटॉप. पण पहिला आठवडा ट्रान्समिट करू नकोस. एकच वही घे, १४.०७४ वर ऐकत राहा, आणि कुठल्या वाजता कुठला देश दिसतो आणि कधी नाहीसा होतो, एवढंच लिहून ठेव. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. रात्री उशिरा युरोप एकदम गायब का होतो, हे तिला विचारायचं होतं.