पांढरा डाग: आधी सोसायटीला दाखवा

अंगावर पांढरा डाग दिसला की लगेच त्वचारोगतज्ज्ञाकडे धाव घेण्याचा उतावळेपणा करू नका. आधी मावशीला दाखवा, मग शेजारच्या काकूंना, मग मेडिकलवाल्याला. तोवर डाग चांगला पसरतो आणि सगळ्यांना चष्म्याशिवाय दिसतो.

मुलाच्या गालावर फिकट, कोरडा चट्टा असेल तर निदान तयारच आहे: पोटात जंत, नाहीतर कॅल्शियम कमी. दोन्हींची औषधं पाजा. डॉक्टर म्हणतील, हा पिटिरियासिस अल्बा आहे, कोरड्या त्वचेमुळे होतो, उन्हाने बाकीचा चेहरा रापला की उठून दिसतो. साधं मॉइश्चरायझर लावा, हळूहळू जाईल. इतकं स्वस्त उत्तर कुठल्या आजीला पटायचं?

पाठीवर, छातीवर शिबं उठली तर तुमची खरी चैन आहे. मॅलासेझिया नावाची ही बुरशी जवळजवळ प्रत्येकाच्या कातडीवर नांदत असते. दमट हवेत, घामात ती फोफावते एवढंच. औषधाने बुरशी मरते, पण त्वचेचा गेलेला रंग भरून यायला काही महिने लागतात. हे मुळीच लक्षात ठेवू नका. आठवड्याभरात डाग गेला नाही की डॉक्टर बदला, आणि तेही नकोसं झालं तर दुकानातून चार औषधं एकत्र असलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय आणा. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं, त्यामुळे खाज झटपट थांबते. ती महिनोनमहिने चोळली की कातडी पातळ होते आणि कधीकधी तिथला रंगही उडतो. एका डागावर दुसरा मोफत.

कपाळाच्या मधोमध गोल डाग पडलाय? टिकली बदलू नका, फक्त जरा मोठी लावा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल असतं. ते रंगपेशींनाच मारतं, मग टिकली काढली तरी पांढरी टिकली उरते.

आता कोड. इथे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते, असं विज्ञान म्हणतं. तुम्ही मात्र माशांवर दूध कधी प्यायलं होतं ते आठवत बसा. दह्यातला मासा पिढ्यान् पिढ्या खाणारं बंगाल अजून पांढरं कसं पडलं नाही, असं जेवताना विचारू नये, वाद होतात. कोड स्पर्शाने पसरत नाही, तरी त्या घरचं पाणी पिताना दोनदा विचार करा. मुलगी लग्नाची असेल तर उपचार नंतर, आधी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घ्या. सुरुवातीलाच उपचार केले तर रंग परत येण्याची शक्यता जास्त असते, पण दवाखान्यात जाताना कुणी पाहिलं म्हणजे? त्यापेक्षा गुपचूप बावचीचं तेल मागवा आणि ते लावून उन्हात बसा. भाजल्यासारखे फोड आले तर समजा, औषध लागू पडतंय.

राहिला एक डाग, ज्याची तुम्हाला काहीच काळजी नसते. तो दुधासारखा पांढरा नसतो. नुसता फिकट किंवा जरा तांबूस असतो. खाजत नाही, दुखत नाही. कापसाने स्पर्श केला तरी तिथे कळत नाही, घाम येत नाही, केस विरळ होतात. इतका समजूतदार डाग! त्याबद्दल मावशी बोलत नाही, काकूही नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, 6 किंवा 12 महिने घ्याव्या लागतात, आणि वेळेवर घेतल्या तर माणूस धडधाकट बरा होतो. पण फुकटच्या औषधावर कुणी विश्वास ठेवावा? तुम्ही थांबा. बोटं वाकडी व्हायला लागली की निदान गावच करतं, आणि तेही फुकट.