गॅलऱ्या शोभेच्या नव्हेत

लंडनच्या साउथवर्क भागातल्या ‘जॉर्ज इन’ या जुन्या सराईच्या लाकडी गॅलऱ्या, म्हणजे अंगणाकडे उघडे लांब सज्जे, एका लेखात शोभेच्या म्हटल्या आहेत. तसं नाही. १६७६च्या आगीनंतर १६७७ मध्ये पुन्हा बांधलेल्या या सराईमध्ये वरच्या खोल्यांकडे जायची वाटच ती होती. घोडागाड्या खाली अंगणात, प्रवासी वर. अंगणाला तीन बाजूंनी इमारत होती; रेल्वे कंपनीच्या पाडापाडीनंतर दक्षिणेची तेवढी उरली, म्हणून आज गॅलरी नुसती सजावट वाटते.

आणि डागडुजीबद्दल: अशा जुन्या विटकामाच्या दरजा (विटांमधले सांधे) सिमेंटने अजिबात भरू नयेत. सिमेंट ओल अडवतं, मग ती मऊ विटेतून वाट काढते आणि थंडीत गोठली की विटेचे पापुद्रे सुटतात. चुन्याचाच मसाला हवा, तोही विटेपेक्षा मऊ.