पानुं क्यां फरशे?

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांबणार, आधीच सांगतो.

शेजारचा मुलगा पेढे घेऊन आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सबमिट झाला म्हणे. आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी चढलं की भोंगा वाजवणारी डबी. शिवाय दोन दिवसांच्या 'लीडरशिप' वर्कशॉपचं सर्टिफिकेट, कारण टीम लीडर हाच. मी डबी उघडून पाहिली. "अरे, हा सेन्सर जेमतेम ४ मीटर, म्हणजे तेरा फूट मोजतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. हा टांगणार कुठे?"

"काका, ते दुकानवाल्याला माहीत. तयारच घेतलाय."

पेढा घशाखाली उतरेना.

१९९१ साली आम्हा चौघांना मकरपुरा जीआयडीसीतल्या (इथली औद्योगिक वसाहत) एका कारखान्यात प्रोजेक्ट मिळाला होता. पंपाच्या फ्लॅंजला, म्हणजे जोडाच्या कडेला, भोकं पाडायची जिग; म्हणजे भोकं नेमक्या जागी पडावीत म्हणून काम पकडून ठेवणारा साचा. माझे मार्क सगळ्यांत जास्त, म्हणून लीडर मी. ड्रॉइंग असं काढलं होतं की भिंतीवर लावावं! जिग तयार झाली, टर्नरकाकांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "ड्रॉइंग तो सरस छे, पण पानुं क्यां फरशे?" म्हणजे ड्रॉइंग छान आहे, पण पाना कुठे फिरणार? क्लॅम्पचा नट आवळायला पाना फिरेल एवढी जागाच मी ठेवली नव्हती. लोखंड भंगारात.

आता हे वर्कशॉपवाले पीपीटी दाखवून नेतृत्व शिकवतात. कसलं डोंबलाचं नेतृत्व? लोखंड वाया गेलं की मालकासमोर तोंड दाखवायला कोण जातं, ते स्लाइडवर असतं का? आणि आपण बडोदेकर छाती फुगवून सांगतो, सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशाळा काढली, दादासाहेब फाळके तिथं शिकले. तिथं हाताला काम होतं हो. आपली पोरं डबी विकत आणतात.

बरं, आमच्या काळीही रिपोर्ट उतरवून काढणारे होतेच. आणि आज कारखानेवाले पोरांना गेटच्या आतसुद्धा घेत नाहीत, हेही खरं. असो.

पण त्या जिगची एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. पान्याला जागा नाही, हे आमच्यातल्या एकानं आठवडाभर आधीच म्हटलं होतं. दोन एटीकेटी लागलेला, हळू बोलणारा. मी म्हटलं होतं, "तू आधी विषय सोडव." टर्नरकाका बोलले तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मालकाकडे मात्र माझ्यासोबत तोच आला.

हे सगळं मघाशी त्या मुलाला सांगितलं. ओरडायचं ठरवलं होतं, जमलं नाही. तो बराच वेळ डबीकडे बघत बसला. मग म्हणाला, "काका, आमच्या ग्रुपमधली एक मुलगी म्हणत होती, पुलावर जाऊन आधी उंची मोजू या. आम्ही हसलो तिला."

म्हटलं, फोन लाव तिला. मेजरिंग टेप माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी काळाघोडा पुलावर.

उरलेले पेढे फ्रीजमध्ये ठेवलेत.